गयाअक्काची बोटं आणि फोमचे ब्रश

धुळ्याला आग्रा रोडवर आमच्या पंपाच्या आवारात गाडी आपोआप धुणारं मशीन बसलं, तेव्हा पहिला महिनाभर गाड्या कमी आणि बघे जास्त येत. नव्वदीची शेवटची वर्षं होती ती. लोक सायकली टेकवून उभे राहायचे, शेंगा खायचे आणि मला विचारायचे, "भाऊ, आत माणूस बसलाय का?" मी म्हणायचो, "माणूस बाहेर आहे. तुमच्यासमोर उभा आहे. बटण मी दाबतो."

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही रावेरला, आणि शाळेपेक्षा केळीच्या बागेत जास्त गेलेलं. त्यामुळे लिहिण्यात चुका असतील. पण कामातल्या चुका मी कुणाला काढू दिल्या नाहीत. एकच झाली. तीच सांगण्यासाठी लिहायला बसलोय, कारण त्या चुकीत एका बाईची नोकरी जात होती, आणि ती बाई या धंद्यात माझ्यापेक्षा मोठी होती. हे मी आता म्हणतो. तेव्हा माझी मान कापली असती तरी म्हटलं नसतं.

आधी काम काय ते सांगतो. मशीन म्हणजे एक मोठी लोखंडी चौकट, रुळांवर पुढेमागे सरकणारी. गाडी मध्ये उभी करायची. चौकटीला तीन ब्रश, दोन उभे दोन बाजूंना आणि एक आडवा, टपासाठी. ब्रश म्हटलं की लोकांना बुटाचा किंवा दाताचा आठवतो, तसा हा नव्हे. मधे लोखंडी दांडा आणि त्याला चहूबाजूंनी फोमच्या पट्ट्या लावलेल्या, हातभर लांब, बोटभर रुंद. दांडा फिरला की पट्ट्या पसरतात आणि पाणी-शाम्पूसकट गाडीवर थापट्या मारत जातात. पाहणाऱ्याला वाटतं, गाडीला कुणी घागरा नेसवला. शेठने मशीन सुरतेहून जुनं आणलं तेव्हा त्याला नायलॉनचे राठ ब्रश होते. ते काढून फोमचे घातले. फोम मऊ. पण मऊ असल्याचा एक तोटा आहे. राठ ब्रशातून खडा उडून जातो, फोममध्ये तो बसतो. आपल्याकडची काळी माती सुकली की तिच्यात बारीक चुनखडी असते. असा एक कण पट्टीत अडकला आणि ब्रश फिरला, की तो प्रत्येक फेऱ्याला गाडीच्या रंगावर एक रेघ मारतो. गिऱ्हाईक घरी गेल्यावर उन्हात बघतं आणि परत येतं. परत येतं ते गाडी धुवायला नव्हे.

म्हणून गाडी धुणं मशीनचं काम, आणि मशीनचे ब्रश धुणं माणसाचं. रोज काम संपल्यावर गाडी नसताना ब्रश साध्या पाण्यात फिरवायचा, म्हणजे शाम्पू निघतो. शाम्पू राहिला तर सकाळपर्यंत पट्टी पापडासारखी कडक. मग ब्रश थांबवून एकेक पट्टी हातात घेऊन वरून खाली बोटांनी ओढत यायचं. पट्टी फाटली तर तिच्या समोरचीही बदलायची, नाहीतर एक बाजू हलकी होऊन दांडा हेलकावतो आणि बेअरिंग जातं. फोमला रॉकेल-डिझेल लावायचं नाही. ऊन लागू द्यायचं नाही. आमच्याकडचा वैशाख तुम्हाला माहीत आहे. मी ब्रशांना ओल्या गोणपाटाचे पडदे शिवून घेतले होते. शेठ म्हणाला, "लोटू, माझ्या आईला नाही इतकी सावली ब्रशांना." मी म्हणालो, "आईला घरात छप्पर आहे शेठ."

धुळ्याला यायच्या आधी मी जळगावला ट्रक धुण्याच्या रॅम्पवर सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं काढली होती. पाइप, खराटा आणि दोन हात. त्यामुळे गाडीवरचा मळ मला पाहून कळतो, हा माझा अभिमान. रावेर-फैजपूरकडची जीप लांबून ओळखायचो. केळीचा चीक लागलेला असायचा. तो आधी दिसत नाही, मग तपकिरी होतो, मग काळा. अशी जीप सरळ ब्रशात घातली तर चीक पट्ट्यांना लागतो आणि पुढच्या पांढऱ्या गाडीवर त्याचे शिक्के उठतात. तिला आधी बाजूला घेऊन हाताने पुसायची. त्यावरून भांडणं व्हायची. "मशीनचे पैसे घेता आणि हाताने पुसता?" मी म्हणायचो, "मग जा, केळीच्या पानाने पुसा."

नगावबारीकडची एक म्हातारी मला आठवते. नातवाने गाडी आत आणली आणि आजीला उतरवायलाच विसरला. ब्रश फिरायला लागले, काचेवर फेस आला, आतून काही दिसेना. मी मशीन थांबवायला धावलो तर नातू आतूनच काच थोपटून खूण करतो की चालू द्या, चालू द्या. गाडी बाहेर आली. दार उघडलं. म्हातारी पदर सावरून म्हणते, "बठ्ठं, सगळं झालं का? अजून एक डाव फिरव ना रे." तिला आम्ही दुसऱ्यांदा फिरवली.

असो. गयाबाईचं सांगतो.

ब्रश रोज तपासायचे तर एक माणूस फक्त तेवढ्यासाठी हवा होता. शेठने नरडाण्याजवळच्या एका खेड्यातली बाई आणली. गयाबाई. महिना झाला नाही तोच सगळे तिला गयाअक्का म्हणायला लागले, मी सोडून. पस्तिशीची असेल. आधी ती कापसाच्या जिनिंगमध्ये होती. तिथे बाया ओळीने बसून कापसातला कचरा वेचतात. पाचोळा, किडक्या बोंडातली कवडी, गोणीचा दोरा, कोंबडीचं पीस, काय काय निघतं. जिनिंग बंद पडली म्हणून ती इकडे आली. मला ते आवडलं नाही. लोखंडाच्या कामाला कापूस वेचणारी कशाला, असं माझं म्हणणं. शेठ म्हणाला, "फोम काय लोखंड आहे का?" त्यावर मी आणखी चिडलो.

तिची परीक्षा घ्यायची ठरवली. एका दिवशी ती जेवायला बसली असताना मी डाव्या ब्रशाच्या एका पट्टीत, अगदी मुळाशी, बाजरीचा एक दाणा दाबून ठेवला. फोमची घडी त्यावर बसवली. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. जेवण झाल्यावर म्हणालो, "डावा ब्रश बघून घे गं जरा."

ती स्टुलावर बसली. तिची रीत अशी की ती ब्रशाकडे बघायचीच नाही. तोंड रस्त्याकडे. गाड्या बघत, कुणाशी बोलत, बोटं मात्र पट्टीवरून खाली उतरत असायची. अंगठा एका बाजूने, दोन बोटं दुसऱ्या बाजूने. मध्येच बोटं थांबली. तिने पट्टी उलटवली, नखाने काहीतरी काढून डाव्या तळहातावर ठेवलं आणि पुन्हा सुरू. पुढच्या पट्ट्यांपैकी एकीत पुन्हा थांबली. पुन्हा काहीतरी काढलं. सगळा ब्रश झाल्यावर ती उठून माझ्याजवळ आली आणि तळहात पुढे केला. त्यावर बाजरीचा दाणा होता आणि शेजारी काचेचा एक तुकडा, मोहरीएवढा.

"बाजरी तुमनी शे भाऊ," ती म्हणाली. "काच कोनी शे?"

पंपावरची सगळी माणसं हसली. मी म्हणालो, "कामाला लाग." पण खोटं कशाला बोलू? सकाळपासून त्याच ब्रशाखालून गाड्या गेल्या होत्या, आणि सकाळी तो ब्रश मी तपासला होता. मला ती काच लागली नव्हती.

त्यानंतर मी तिच्याकडे चोरून बघत राहिलो. बघून शिकावं असं ते काम होतं, पण शिकता येण्यासारखं नव्हतं. ती मला एकदा म्हणाली, कापूस वेचताना डोळ्यांनी बघितलं तर डोळे दुपारपर्यंत थकतात, बोटं संध्याकाळपर्यंत थकत नाहीत. पट्टीतून निघालेल्या कणावरून ती सांगायची, ही गाडी नदीच्या वाळूतून आली, ही शेतातून आली, ही घर बांधतात तिथून आली. मी ड्रायव्हरला जाऊन विचारायचो. बहुतेक वेळा बरोबर निघायचं. हिवाळ्यात पाणी गार असायचं. आम्ही बाकीचे बोटं काखेत घालून उभे राहायचो, पण ती आधी दोन्ही हात कोमट पाण्यात घालून मगच ब्रशाला लावायची. म्हणायची, गार बोट आंधळं असतं. आणि हातांना तेल कधी नाही. बांगड्या काढून डब्यावर ठेवायची, काम झालं की घालायची. दोन वर्षांत आमच्या मशीनमधून निघालेल्या गाडीवर एक रेघ उठली नाही. शेठ लोकांना सांगायचा, आमचं मशीन भारी. मी सांगायचो, मशीनवाला भारी. तिचं नाव कुणी घेत नव्हतं. तिने कधी म्हटलंही नाही.

मग दसरा आला.

दसऱ्याला सकाळी गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत. ज्याला त्याला पूजेआधी गाडी धुवून हवी. त्या दिवशी गयाअक्काची सुट्टी ठरलेली. तिच्या घरचे सगळे बुद्धविहारात जायचे, पांढरी लुगडी, पांढरे सदरे. तिचा तो वर्षातला मोठा दिवस. ती आठ दिवस आधी शेठला सांगून ठेवायची. त्यामुळे दसऱ्याला ब्रश माझ्या ताब्यात. दुपारपर्यंत गाड्या काढल्या, मशीन बंद केलं, ब्रश पाण्यात फिरवून घेतले आणि पूजेला लागलो.

आमच्याकडे दसऱ्याला हत्यार-अवजाराची पूजा होते हे सांगायला नको. पान्ह्याला फूल वाहतात, मग एवढ्या मशीनला किती वाहावीत? मी ठरवलं होतं, तिन्ही ब्रशांना माळा घालायच्या, पुऱ्या उंचीच्या. बाजारातली माळ एवढ्या मोठ्या ब्रशाला पुरत नाही, आणि ओल्या फोमवर दोऱ्याची माळ तुटते. म्हणून मी झेंडू आणून स्वतः माळा ओवल्या. बारीक तारेत. पंपावर बांधायची तार होती, दोऱ्यासारखी मऊ. फुलं काय बसली होती त्यात! मधेमधे आपट्याची पानं. शेठच्या घरची मंडळी बघायला आली. हळद-कुंकू झालं, नारळ फोडला. शेठची आई म्हणाली, "लोटू, नवरी दिसतेय." मला त्या दिवशी जेवणही गोड लागलं.

संध्याकाळी माळा उतरवल्या. उतरवताना डाव्या ब्रशाची माळ एका ठिकाणी तुटली. मी तुकडे गोळा केले. सगळे मिळाले असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गयाअक्का आली. पहिलं गिऱ्हाईक येऊन उभं होतं. फैजपूरचे केळीचे मोठे व्यापारी, त्या भागात सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांनी दसऱ्याच्या मुहूर्तावर नाशिकहून नवी गाडी आणली होती, पांढरीशुभ्र. रात्री धुळ्याला मुलीकडे थांबले आणि आता गावात न्यायच्या आधी धुवायला आले. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली फुटलेल्या लिंबाच्या साली चिकटलेल्या. आबा म्हणाले, "गावात शिरताना आरशासारखी दिसली पाहिजे, काय?"

गयाअक्काने बांगड्या काढल्या आणि स्टूल ओढलं. "भाऊ, आधी ब्रश दखी लेसू."

मी म्हणालो, "काही गरज नाही. काल मी स्वतः धुतलेत. पूजा झालीय त्यांची."

"काल गाड्या बहू व्हयन्या ना? पूजा व्हयनी म्हनीसन बारीक खडा जास का?"

ती साधं बोलली. चेष्टा नव्हती त्यात. पण माझ्या डोक्यात ती माळ होती, ती नवरी होती, शेठच्या आईचं कौतुक होतं. आणि आबांसमोर, बाकीच्या माणसांसमोर एक बाई मला सांगत होती की तू धुतलेला ब्रश मी पुन्हा बघते. मी म्हणालो, "तुला पूजेतलं काय कळतं?"

हे मी म्हणालो. आज इतक्या वर्षांनी लिहितानासुद्धा हात थांबतो. तिने स्टूल उचलून भिंतीशी ठेवलं आणि नळाकडे गेली. मी बटण दाबलं.

गाडी बाहेर आली तेव्हा ओली होती, चकाकत होती. फडक्याने पुसली. आबांनी एक चक्कर मारली आणि डाव्या बाजूला थांबले. खाली वाकले. मग वर न बघता म्हणाले, "लोटू, इकडे ये."

दोन्ही दारांवर, गुडघ्याच्या उंचीला, रेघा होत्या. एक-दोन नव्हे. एकसारख्या कमानी, एकीपुढे एक, जशा शेवया वळताना ताटावर पडतात तशा. नवीकोरी गाडी. आबांचं तोंड लाल झालं होतं पण आवाज चढला नाही. आवाज चढला असता तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "चार वर्षं थांबून घेतली रे."

शेठ ऑफिसातून धावत आला. बघितलं. विचारलं, "ब्रश कोणाकडे असतात?"

पाच-सहा माणसं होतो आम्ही. कुणी बोट दाखवलं नाही, पण सगळ्यांनी नळाकडे बघितलं. मी पण बघितलं. मी तोंड उघडायला हवं होतं. नाही उघडलं. तीस वर्षांच्या कामात माझ्या हातून गाडीला ओरखडा गेला नाही असं मी सगळ्या धुळ्याला सांगत फिरायचो. ते वाक्य त्या वेळी माझ्या जिभेवर बसून राहिलं.

शेठ म्हणाला, "बाई, काल सुट्टी घेतली, ठीक. आज न बघता मशीन चालू होऊ दिलं?"

गयाअक्का म्हणाली, "माले ब्रश दखू द्या."

डाव्या ब्रशाखाली ती उकिडवी बसली. गुडघ्याच्या उंचीच्या पट्ट्या एकेक करून ओढायला लागली. कितव्या तरी पट्टीला बोटं थांबली. तिने नखाने काढलं आणि मूठ मिटली.

"काय सापडलं?" शेठने विचारलं.

"जे व्हतं ते काढी टाकं."

"काय होतं म्हणतो मी?"

तिने मूठ उघडली नाही. शेठ आधीच आबांसमोर शरमला होता. त्याचा पारा चढला. म्हणाला, उद्यापासून येऊ नको. मशीन बंद करा. आणि आबांना हात जोडत ऑफिसात घेऊन गेला.

तिने हात धुतले. बांगड्या घातल्या. डबा पिशवीत ठेवला. जाताना माझ्यासमोर थांबली, मूठ उघडली आणि माझ्या हातावर ठेवलं. तारेचा तुकडा. दीड बोट लांबीचा, टोकाला वळलेला. त्या वळणात झेंडूची एक पाकळी अजून चिकटलेली होती.

मी म्हणालो, "शेठला का नाही दाखवलं?"

ती म्हणाली, "मी दखाडं असतं तर लोक काय म्हनतात? स्वतः पूजा करस नही, आनि दुसऱ्यानी पूजाले नाव ठेवस. तुमनी वस्तू शे. तुम्हीन दखाडा, नहीतर नका दखाडू." आणि रस्ता ओलांडून शिरपूरच्या बसला उभी राहिली. बस लवकर आली नाही. मी पंपावरून तिला बघत होतो आणि ती माझ्याकडे एकदाही बघत नव्हती.

त्या दिवशी मी हाताने गाड्या धुतल्या. तार खिशात. वाकलो की मांडीला टोचायची. ती टाकून दिली असती तर कुणाला कळलं नसतं. हा विचार मी केला नाही असं म्हणणार नाही, केला. आणि दुसरा विचार हाही येत होता की ती तारेचं बोलली असती तर मी काय केलं असतं. मी म्हणालो असतो, बघा, आमच्या देवाला नावं ठेवते. नक्की म्हणालो असतो. तिने मला माझ्यापेक्षा जास्त ओळखलं होतं. बोटांनी ओळखावं तसं, न बघता.

दुसऱ्या दिवशी आबा मुलाला घेऊन परत आले. दारं पुन्हा रंगवायची बोलणी चालली होती. मी ऑफिसात गेलो. शेठ म्हणाला, "तू बाहेर थांब." मी थांबलो नाही. टेबलावर तार ठेवली.

"ही माझ्या माळेची तार. माळ मी केली, मी घातली, मी काढली. काल सकाळी बाई ब्रश बघते म्हणत होती. मी बघू दिला नाही. आबा, तुम्ही तिथेच होता. तुम्ही ऐकलंय."

आबांनी तार उचलली, उजेडात धरली. पाकळी बघितली. म्हणाले, "म्हणजे पूजा तुमच्या मशीनची आणि प्रसाद माझ्या गाडीला?"

आबांचा मुलगा फुरफुरत होता, पण आबांनी त्याला हाताने गप्प केलं. मला म्हणाले, "काल सांगितलं असतंस तर मी तुला चार शिव्या घालून मोकळा झालो असतो. आता एक रात्र त्या बाईने घालवलीय. तिचं काय?"

शेठने आबांच्या हातून तार घेतली. मग म्हणाला, "तिला मी घालवली, पण तुझ्यामुळे. जा, घेऊन ये. नाही आली तर तूही येऊ नको."

नरडाण्याला उतरून दोन मैल चालत गेलो. तिचं घर नीटनेटकं, दारात सडा. नवरा अंगणात खाटेला सुतळी भरत होता. त्याने मला ओळखलं, बस म्हणाला, पण सुतळी सोडली नाही. गयाअक्का बाहेर आली. मी सगळं सांगितलं, टेबलावर तार ठेवली ते, आबा बोलले ते. पूजेवरून जे बोललो ते चुकलं, हेही सांगितलं. ते सांगताना मी जमिनीकडे बघत होतो.

तिने ऐकून घेतलं. चहा आणला. मग म्हणाली, "मी येसू. पन एक बोली शे. मशीन मी सांगसू तव्हयच चालू व्हई. तुम्हीन नही, शेठ नही. मी."

बटण मी दाबतो, असं मी त्या मशीनच्या पहिल्या दिवसापासून लोकांना सांगत आलो होतो. त्या एका गोष्टीवर माझी सगळी मिशी उभी होती. हो म्हणायला मला चहा गार होईपर्यंत वेळ लागला. तिच्या नवऱ्याने तेवढ्या वेळात खाटेची एक बाजू भरून काढली. शेवटी म्हणालो, "बरं, अक्का."

अक्का असं मी तिला पहिल्यांदा म्हणालो. नवरा हसला. ती नाही हसली.

त्यानंतर आम्ही तसंच काम केलं. रोज सकाळी ती ब्रश बघायची, मग "चला" म्हणायची, मग मी बटण दाबायचो. पहिले काही दिवस मला लाजल्यासारखं व्हायचं. नंतर माझ्या लक्षात आलं की ती चला म्हणेपर्यंत माझ्या जिवाला जी धाकधूक असायची ती गेली. मी जळगावच्या रॅम्पपासून ती धाकधूक घेऊन हिंडत होतो आणि तिलाच कामाचा कडकपणा समजत होतो.

पुढच्या दसऱ्याला पूजा मी स्विचबोर्डाच्या खांबाची केली. अक्काची सुट्टी होतीच. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजले, साडेआठ वाजले, अक्काचा पत्ता नाही. गाड्या रांगेत. सोनगीरच्या पुढे बस बंद पडल्याची बातमी एका ट्रकवाल्याने आणली. हॉर्न वाजायला लागले. एक पुढारी होता, बरोबर चार माणसं. तो म्हणाला, "अरे बटण दाबायला काय मुहूर्त लागतो का?"

मी म्हणालो, "ब्रश तपासायची बाई यायचीय."

"मग तू कोण आहेस?"

"मी बटण दाबणारा."

शेठ आला. रांग बघून तोही चुळबुळायला लागला. हळूच म्हणाला, "लोटू, आजचा दिवस तू बघ ब्रश आणि कर सुरू. मी सांगतो ना."

मी बटणाच्या पेटीसमोर स्टूल ठेवलं आणि त्यावर बसलो. म्हणालो, "शेठ, दुसरा माणूस लावायचा तर आत्ता लावा. मी उठणार नाही." माझा हट्ट सगळ्या पंपाला माहीत होता, शेठलाही. तो आत निघून गेला. पुढाऱ्याच्या माणसांनी मला म्हातारा, येडा, सगळं म्हणून घेतलं. दोन गाड्या रांगेतून निघून गेल्या.

नऊ वाजून गेल्यावर अक्का रस्त्याच्या कडेने चालत येताना दिसली. कुठल्या तरी ट्रॅक्टरवर बसून आली होती, तोंडावर सगळी धूळ. तिने रांग बघितली, मला स्टुलावर बसलेला बघितलं. घाई केली नाही. तोंड धुतलं. बांगड्या काढल्या. मी उठून स्टूल तिला दिलं आणि ब्रश हाताने फिरवून धरायला उभा राहिलो. "फिरवा." "थांबा." "फिरवा." एवढंच बोलत ती तीन ब्रशांच्या सगळ्या पट्ट्या उतरली. हॉर्न कधी थांबले ते मला कळलं नाही. लोक गाड्यांतून उतरून बघत होते, मशीन नवीन आलं तेव्हा बघायचे तसे, फक्त या वेळी मशीन बंद होतं.

पाऊण तास गेला. ती उठली, पाठ सरळ केली. तो पुढारी म्हणाला, "एवढ्या वेळात काय सापडलं बाई?"

अक्का म्हणाली, "काहीच नही सापडनं."

तो हसला, त्याची माणसं हसली. मी त्याच्याकडे वळून म्हणालो, "ऐकलंत ना साहेब? काहीच नाही. आता आणा तुमची गाडी."